वस्तूंवर हक कुणाचा?

घर आवरून देणे हा आता एक व्यवसाय झाला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दोन-तीन जणी घरी येतात, कपाटे रिकामी करतात, कपडे, भांडी, कागद यांचे वेगवेगळे ढीग लावतात आणि एकेक वस्तू हातात घेऊन मालकिणीला विचारतात, 'ही ठेवायची की काढायची?' तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने त्यांना मेहनताना मिळतो. अमेरिकेत असे काम करणाऱ्यांची संघटना १९८०च्या दशकातच उभी राहिली. पुढे जपानच्या मारी कोन्डो यांचे याच विषयावरचे पुस्तक गाजले, २०१४ मध्ये ते इंग्रजीत आले आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका सुरू झाली. त्यांची कसोटी साधी होती. वस्तू हातात धरा, मनाला आनंद झाला तर ठेवा, नाही तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. २०२३ मध्ये त्यांनीच सांगून टाकले की, तिसऱ्या अपत्यानंतर घर नीटनेटके ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडून दिला आहे. ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात पैसे मोजून घर आवरून घेण्याची रीत नाही. पण मोबाइलच्या वाटेने तो विचार इथल्या घरांतही शिरला आहे. सून ते पाहते आणि माळ्याकडे नजर टाकून म्हणते, 'अम्मी, ये सब निकाल दूँ क्या?' सासूचे उत्तर ठरलेले असते, 'रहने दे, कभी काम आएगा.' या दोन वाक्यांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. जास्तीचे म्हणजे नेमके काय? ते ठरवण्याचा अधिकार कुणाला? आणि घराबाहेर काढलेली वस्तू जाते कुठे? या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय घर आवरले असे म्हणता येत नाही. फार तर पसाऱ्याची जागा बदलली, एवढेच म्हणता येईल.

आधी आपल्या घरांकडे पाहू. माळ्यावर तांब्याची देग, जहेजमध्ये आलेले पितळी हंडे, लोखंडी संदुकीत रजया, पलंगाखाली गोण्या, शोकेसमध्ये कधीच न वापरलेला डिनर सेट. यातले निम्मे सामान हौसेने जमलेले आहे आणि निम्मे भीतीने. ज्या घरांनी दुष्काळ पाहिला, सोयाबीन-तुरीच्या भावावर वर्ष काढले, हातावरच्या कमाईवर मुले वाढवली, त्या घरांना फेकणे जमत नाही. त्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. 'लागले तर पुन्हा विकत आणू' हे वाक्य ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच म्हणू शकतो. फेकण्याची मुभा हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे.

शिवाय घर हलके ठेवणारे व्यावसायिक आपल्याकडे पूर्वी नव्हते असे नाही. पिंजारी दारात येई, गादी उसवून कापूस पिंजून देई आणि दबलेली जुनी गादी नव्यासारखी होई. कल्हईवाला कथील आणि नवसागराने पातेली चमकवी. शिकलगार सुरी-कात्रीला धार लावी. बोहारीण, जिला आपल्याकडे कुणी भांडेवालीही म्हणतात, जुने कपडे घेऊन भांडे देई आणि एका साडीसाठी अर्धा तास घासाघीस करी. यांतले पिंजारी, कल्हईवाले, शिकलगार बहुधा आपल्याच समाजाचे. 'आनंद होतो का' असे त्यांनी कुणाला विचारले नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, 'ही वस्तू अजून चालेल का?' फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि नॉनस्टिकची भांडी आली, तशी त्यांची हाक गल्लीतून कमी होत गेली. वस्तू स्वस्त झाल्या, त्या दुरुस्त करणारे हात बेकार झाले आणि घरे भरत गेली. पसारा वाढण्याचे एक मोठे कारण हे आहे. त्याचा सगळा दोष घरातल्या बाईच्या आळसावर टाकणे अन्यायाचे होईल.

आता पहिला प्रश्न. जास्तीचे म्हणजे काय? आपल्या फिकहने यावर फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. हनफी फिकहमध्ये 'हाजत-ए-असलिया' असा शब्द आहे. म्हणजे माणसाच्या मूळ गरजा. राहते घर, अंगावरचे कपडे, रोजच्या वापरातली भांडी, कारागिराची अवजारे, अभ्यास करणाऱ्याची पुस्तके हे सारे त्यात येते. घरगुती सामान व्यापारासाठी नसेल तर त्यावर जकात नाही, हे आपल्याला ठाऊक असते. पण पुढची गोष्ट आपण विसरतो. गरजेपेक्षा जास्त पडून असलेल्या सामानाची किंमत इतर मालासह साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीपर्यंत पोचली, तर अशा माणसाला जकात घेता येत नाही आणि त्याच्यावर सदका-ए-फित्र व कुर्बानी वाजिब होते. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आपल्या कितीतरी घरांत आहे, मुलींना जहेजमध्ये ते दिलेही जाते. त्यात या बाबतीत उदाहरणच आहे. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या लग्नाकार्यात लागणाऱ्या मोठमोठ्या देगा, शामियाने यांना मूळ गरजेत धरलेले नाही. म्हणजे माळ्यावरची देग मोजली गेली पाहिजे. गंमत अशी की, पुष्कळदा हे पुस्तक त्याच माळ्यावर त्याच देगेशेजारी ठेवलेले असते.

इथे दोन कसोट्यांतला फरक लक्षात घ्यावा. आनंदाची कसोटी माणसाला स्वतःच्या मनाकडे वळवते. गरजेची कसोटी त्याला शेजाऱ्याकडे वळवते. माझ्याजवळ जास्तीचे आहे असे ठरले की दुसऱ्या क्षणी प्रश्न येतो, मग ते कुणाचे? दान देऊन आपण उपकार करतो असे आपल्या धर्माने शिकवलेले नाही. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा आपल्या मालात हक आहे, असे कुरआन सांगतो. या अर्थाने घर आवरणे हे सजावटीचे काम राहत नाही, तो हिशेब होतो. रमजानमध्ये आपण सोने-चांदी आणि रोकड मोजतो. त्याच दिवसांत एकदा संदूक आणि माळाही मोजायला हरकत नाही.

पण या कसोटीचा आंधळा वापरही चालणार नाही. काही गोष्टी वापरात नसतात, आनंदही देत नाहीत, तरी त्या मूळ गरजेच्या असतात. त्यांत पहिला क्रमांक कागदाचा.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांचे नाव शोधायला किती लोक येतात, हे आम्ही पाहतो. महाराष्ट्रात ओबीसीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या दाखल्यावर 'पिंजारी' किंवा त्यांच्या बिरादरीचे जे असेल ते नाव लिहिलेले सापडले, तर नातीचा वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगचा प्रवेश टिकतो. दाखल्यावर नुसते 'मुसलमान' असले तर कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत, जमिनीचे जुने उतारे असे धुंडाळत फिरावे लागते. त्यातच नावांचा घोळ. उर्दूत लिहिलेले नाव मराठीत येते, मराठीतून इंग्रजीत जाते आणि एकच माणूस एका कागदावर 'शे. रहीम शे. करीम', दुसऱ्यावर 'अब्दुल रहीम' आणि तिसऱ्यावर 'रहिम शेख' होतो. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि पिवळे पडलेले कागद आपल्या घराघरांतून बाहेर निघाले, लॅमिनेट झाले, त्यांच्या झेरॉक्स निघाल्या. अशा समाजाला 'पाच वर्षांत हात न लावलेला कागद फाडून टाका' हा सल्ला कोण देणार? ज्याला आपण कोण आहोत हे कधी सिद्ध करावे लागले नाही, तोच.

कागदाची दुसरी बाजूही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो लोकांच्या वाड्यांत धूळ खात पडलेल्या दप्तरांच्या बळावर. ती दप्तरे कुणी नीटनेटकेपणाच्या भरात वाण्याला पुड्या बांधायला दिली असती, तर आपण काय गमावले ते आपल्याला कळलेही नसते. मुसलमान मराठी संतकवींच्या रचनाही हस्तलिखित बाडांतून शोधून काढाव्या लागल्या. आपल्या घरांत अजून उर्दू-मोडी दस्त असतील, निकाहनामे असतील, जुनी पत्रे असतील. ती वाचता येणारा माणूस घरात उरला नाही म्हणून ती रद्दी ठरत नाहीत.

मात्र कागदाच्या बाबतीत आपल्यात एक गैरसमजही आहे. उर्दू अक्षर दिसले की ते पाक, ते पायदळी येऊ नये, म्हणून जपून ठेवायचे. ही भावना चांगली आहे. कुरआन शरीफचे फाटलेले पाने आदराने दफन करावीत किंवा वाहत्या, खोल पाण्यात सोडावीत, हे आपल्या रीतीत आहेच. पण उर्दू ही लिपी आहे, वही आहे, बातमी आहे, किराणा दुकानाचा हिशेबही आहे. जुन्या अखबारातले अल्लाहचे नाव असलेले पान वेगळे काढता येते. दहा वर्षांचे अखबार पोत्यात भरून ठेवणे हा भाषेचा आदर नव्हे. भाषेचा आदर ती वाचण्यात आहे. बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तके घरात पडून असतील तर ती शाळेत द्यावीत, गोष्टींची पुस्तके वाचनालयात द्यावीत. ज्या घरात उर्दू कागदाची पोती आहेत आणि मुलांना उर्दू वाचता येत नाही, तिथे आवरण्याचे काम माळ्यावरून सुरू करून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. कुणी ठरवायचे? बाहेरून मदतीला माणूस आला तर तो घडी घालील, मोजील, डब्यांवर चिठ्ठ्या लावील. त्याचे हात तटस्थ असतात आणि तटस्थ हातांचा फायदा होतो, हे आम्ही मान्य करतो. म्हातारी आई एकटी राहत असेल, घरात आजारी माणूस असेल, मयतीनंतर खोली आवरायची असेल आणि घरच्यांचे हात थरथरत असतील, तर पैसे देऊन मदत घेण्यात काही गैर नाही. पण निर्णय उक्ता देता येत नाही. वस्तू कुणाची आहे हे त्या त्रयस्थाला माहीत नसते. कित्येकदा घरच्यांनाही नसते.

जहेजचेच घ्या. जहेजच्या प्रथेविरुद्ध आपण पुष्कळ बोललो आहोत, पुढेही बोलले पाहिजे. पण आलेले सामान कुणाच्या मालकीचे, याबद्दल शरीयतमध्ये संदिग्धता नाही. ते त्या स्त्रीचे. मेहरही तिचा. नवरा, दीर, सासरे किंवा मुलगा यांना तिच्या परवानगीशिवाय ते विकण्याचा, वाटण्याचा किंवा 'जुने झाले' म्हणून भंगारात घालण्याचा हक नाही. आणि नेमके हेच घडते. घराची डागडुजी निघाली की अम्मीची तांब्याची भांडी आधी मोडीत जातात, कारण तांब्याला भाव असतो. तिला विचारले जात नाही, तीही बोलत नाही. सदका द्यायचा तर तो स्वतःच्या मालातून द्यावा. दुसऱ्याच्या मालातून केलेले दान हे दान होत नाही. मयताच्या कपड्यांचेही तसेच. तेही तरका आहे, त्यात वारसांचे हिस्से आहेत, मुलींचेही आहेत. सगळ्या बालिग वारसांच्या संमतीशिवाय अब्बांची शेरवानी आणि घड्याळ वाटून मोकळे होणे हे पुण्याचे काम वाटले, तरी कुणाच्या तरी हकावर पाय देणारे असते. स्वीडनच्या मार्गारेता मॅग्नुसन यांनी २०१७ मध्ये एक पुस्तक लिहून सुचवले की, आपल्यामागे मुलांना ओझे नको म्हणून म्हाताऱ्या माणसांनी आपले सामान जिवंतपणीच आवरावे. आपल्याकडे वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तिच्या मागे हीच समज आहे. आपले काय, दुसऱ्याची अमानत कोणती, कुणाचे देणे आहे, हे धडधाकट असताना सांगून ठेवावे.

अधिकाराला लागूनच कामाचा प्रश्न येतो. घर आवरण्याचे काम करणारी बाई बाहेरची असली तर तिला व्यावसायिक म्हणतात आणि पैसे देतात. तीच घरची असली तर तिला बायको म्हणतात आणि पसाऱ्याबद्दल बोलणी ऐकवतात. पैगंबर घरात काय करीत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत. आपले जोडे ते स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावीत, असेही रिवायतींत येते. सुन्नत म्हणून दाढी-टोपीची चर्चा करणाऱ्या आपल्या पुरुषांनी या सुन्नतीकडेही पाहावे. आपल्याच वऱ्हाडच्या मातीतले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तन करीत. झाडण्याआधी ते बोलत नसत. त्यांचे स्वतःचे सामान म्हणजे एक गाडगे, एक खराटा आणि अंगावरच्या चिंध्या. राज्य सरकारने पुढे २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. त्यांचे नाव घेणे सोपे आहे, खराटा घेणे अवघड आहे.

तिसरा प्रश्न, काढलेले जाते कुठे? यात आपली खरी परीक्षा आहे. जे स्वतःला दिले तर डोळे मिटूनच घ्यावे लागेल असे वाईट सामान खैरातीसाठी निवडू नका, असे सूरह बकरामध्ये बजावले आहे. आणि आपण काय देतो? बटणे तुटलेला सदरा, चेन गेलेली पर्स, विरलेली चादर. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मच्छीमारांनी मागितले नव्हते असे ते कपडे होते. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने असे कपडे निवडून, धुऊन, शिवून पुन्हा कामात आणले आणि अगदी टाकाऊ सुती कापडापासून स्त्रियांसाठी पॅड बनवले. त्यांनी दानाची दिशाच फिरवली. देणाऱ्याला काय नको आहे, यापेक्षा घेणाऱ्याला काय हवे आहे हे आधी पाहिले. हजरत अबू तलहा यांनी सगळ्यांत आवडती म्हणून बैरुहाची बाग देऊ केली होती, नावडती म्हणून नव्हे. घर रिकामे करणे आणि सदका देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गाठोड्यात दोन्ही बांधले की सदका नासतो.

आणि जे खरोखरच टाकाऊ आहे, ते कुणाच्या तरी हाताखालून जाते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची. त्यांची ओळखपत्रे महापालिकेने मान्य केली आणि पुढे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. घर हलके करणाऱ्या खऱ्या व्यावसायिक याच. आपल्याही गावात भंगाराची हातगाडी ढकलणारा बहुधा आपल्यातलाच एखादा पोरगा असतो, शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेला आणि वर्गात नसलेला. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करायला २०१६च्या नियमांनीच सांगितले होते. फुटलेली काच आणि वापरलेली सुई उघड्या पिशवीत टाकणाऱ्याचे कपाट कितीही नीटनेटके असले, तरी त्याने आपला पसारा त्या पोराच्या बोटांवर ढकलला आहे.

देण्याखेरीज आणखी एक वाट आहे, ती म्हणजे वाटून वापरण्याची. सूरह माऊनमध्ये ज्यांची निंदा केली आहे त्यांचा शेवटचा दोष असा की, ते 'माऊन' रोखून धरतात. पुष्कळ मुफस्सिरांनी या शब्दाचा अर्थ रोजच्या वापरातल्या, शेजाऱ्याला उसन्या देण्याच्या वस्तू असा सांगितला आहे. हंडी, बादली, कुऱ्हाड. नमाजच्या गफलतीबरोबर भांडे न देण्याची गोष्ट यावी, हे विचार करण्यासारखे आहे. आपल्या गावोगावच्या जमातींकडे देगा, रकाब्या, सतरंज्या असतात. लग्न असो की मयत, तिथून आणायच्या आणि धुऊन परत करायच्या. ही व्यवस्था नीट चालली तर प्रत्येक माळ्यावर देग कशाला हवी? त्याच धर्तीवर शिलाई मशीन, शिडी, आजाऱ्यासाठी खाट, वॉकर, चाकाची खुर्ची, परीक्षेची पुस्तके एका जागी ठेवता येतील. लायब्ररीसारखी वही ठेवावी, नाव लिहावे, न्यावे, आणावे. याला फार पैसे लागत नाहीत. भरोसा लागतो आणि वही सांभाळणारा एक प्रामाणिक माणूस लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, हातांची मदत कुणाचीही घ्यावी आणि त्या हातांना त्यांची मजुरी वेळेवर द्यावी. पण निवाडा आपला आपणच करावा. वस्तू हातात घेतल्यावर क्रमाने विचारावे. ही कुणाच्या मालकीची आहे? तिची मला गरज आहे का? नसेल तर गरज कुणाला आहे? त्याच्या हातात द्यायला ती लायक आहे का? कागद असेल तर तो कुणाच्या उद्याचा पुरावा आहे का? एवढ्यावर जी वस्तू घरात उरेल ती खुशाल ठेवावी, आनंद देवो की न देवो. आजोबांचा दाखला कुणाला आनंद देत नाही. तो प्लास्टिकच्या फाइलीत घालून, झेरॉक्स काढून, मूळ प्रत संदुकीत सगळ्यांत वर ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या मुलीलाही सांगून ठेवावे.